हिरवे प्रांगण आणि कोरडे शिवार



विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या प्रांगणांत अलीकडे पर्यावरणाचा मोठा उत्सव चालतो. पाच जूनला वृक्षारोपण होते, छपरांवर सौर पॅनेल बसतात, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पेट्या येतात आणि मूल्यांकन समिती दाराशी येण्यापूर्वी 'हरित लेखापरीक्षणा'चा अहवाल बांधून तयार असतो. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचा आदेश दिला आणि पुढे हा विषय पदवीच्या सर्व शाखांत आला. यातले काहीच वाईट नाही. परंतु धाराशिवसारख्या जिल्ह्यात एवढ्यावरच समाधान मानणे म्हणजे प्रश्नाच्या उंबरठ्यावरून माघारी फिरणे होय. येथे झाड लावण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो : ते ज्या पाण्यावर जगणार, ते पाणी कोणाच्या वाट्याचे?

२०२३ पर्यंत उस्मानाबाद म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा बालाघाटाच्या पठारावर पर्जन्यछायेत वसलेला आहे. पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरी ही अर्थशास्त्रज्ञांची सोय आहे, शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी कधी येत नाही. जमिनीखाली काळा पाषाण. त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत जेवढे मुरेल तेवढेच पाणी. त्याखाली शेकडो फूट विंधन घेणे म्हणजे व्याज संपल्यावर मुद्दल खाणे. १९७२चा दुष्काळ जुन्यांच्या स्मरणात आहे; २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही कालचीच गोष्ट. अशा मुलखात एखाद्या संस्थेची हिरवळ जर खोल विंधनविहिरीवर पोसली जात असेल आणि कुंपणापलीकडच्या वस्तीत बायका घागरी घेऊन टँकरची वाट पाहत असतील, तर त्या हिरवळीला पर्यावरण म्हणायचे की विषमता?

याच जिल्ह्यात तुळजापूरला १९८६ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने आपला ग्रामीण परिसर उभारला. धाराशिव शहरात मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये आहेत. या सर्वांना एक साधा हिशेब मांडता येण्याजोगा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस मीटरच्या इमारतीवर सातशे मिलिमीटर पावसात सात लाख लिटर पाणी पडते. परिसर शंभर एकरांचा धरला तर वर्षाकाठी त्यावर सुमारे अठ्ठावीस कोटी लिटर पाणी उतरते. त्यातले बरेचसे उडून जाईल, काही वाहून जाईल. तरीही प्रत्येक शिक्षणसंस्थेने आपल्या जमिनीवर किती पाणी पडले, किती मुरले आणि किती उपसले, याची नोंद का ठेवू नये? पैशाचा ताळेबंद देणाऱ्या संस्थेला पाण्याचा ताळेबंद देणे अवघड नाही.

दुसरा प्रश्न जमिनीचा. मराठवाड्यात गायरान हा शब्द उच्चारला की भूमिहीनांचा संघर्ष आठवतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली येथले भूमिहीन सत्याग्रहात उतरले होते. ज्याच्याकडे वावर नाही त्याच्याकडे शेळी असते, आणि उस्मानाबादी शेळी तर या जिल्ह्याच्या नावानेच देशभर ओळखली जाते. वनीकरणासाठी कुंपण पडले की पहिली बाहेर राहते ती ही शेळी, आणि तिच्यामागोमाग तिची मालकीण. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात पन्नास कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला. आकडे खड्ड्यांचे मोजले गेले. जगलेल्या झाडांचा, आणि चारा कोणाचा गेला याचा, हिशेबही व्हायला हवा. कुंपणाआतला चारा पावसाळ्यानंतर कापून नेण्याचा हक्क शेजारच्या भूमिहीन कुटुंबांना दिला, तर झाडे राखायला पहारेकरी लागणार नाही.

यासाठी परदेशी नमुने शोधण्याचे कारण नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणशी ठरला. भूमिहीनालाही हक्क मिळाला. उसासारख्या पाणीखाऊ पिकाला मज्जाव झाला. समाजवादाचा याहून स्वच्छ धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. हेच सूत्र वसतिगृहाला का लावू नये? माणशी किती पाणी, हे ठरावे. तेच माप विद्यार्थ्याला, प्राध्यापकाच्या बंगल्याला आणि अतिथिगृहाला लागू व्हावे.

आणि शेवटी श्रमाचा प्रश्न. घोषणाफलक विद्यार्थी रंगवतात. कचरा हाताने वेगळा करतो तो कंत्राटी सफाई कामगार. त्याला किमान वेतन, हातमोजे आणि आजारपणाची रजा नसेल, तर त्या परिसराला हरित म्हणण्याचा अधिकार पोहोचत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुले कुदळ हातात घेत होती, ती छायाचित्रासाठी नव्हे. 'कमवा आणि शिका' योजनेतील मुलांना बागेची किरकोळ कामे देण्याऐवजी परिसरातील आणि शेजारच्या गावांतील विहिरींची पाणीपातळी दरमहा मोजण्याचे काम द्यावे. त्या नोंदी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवाव्यात. पातळी खाली गेली तर आधी संस्थेचा पंप बंद व्हावा, मग गावाला उपदेश करावा.

विद्यापीठ हे समाजाच्या पैशावर आणि समाजाच्या पाण्यावर उभे असते. त्याने गावाकडे बोट दाखवण्यापूर्वी आपली वही उघडावी. कुंपणाच्या आतल्या आणि बाहेरच्या विहिरीत एकाच पातळीवर पाणी दिसेल, त्या दिवशी धाराशिवच्या मातीत पर्यावरण शिक्षण रुजले असे म्हणता येईल.