अनोळखी माणसाचा प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढले आहे, त्या घरातील मुलाची मोठी अडचण पुस्तकांची नसते; विचारायचे कोणाला, ही असते. वडील ड्रायव्हर, काका आखातात, शेजारी मच्छीमार. संगणकाच्या प्रोग्रॅममधील चूक यांपैकी कोणाला दाखवायची? डॉक्टर-इंजिनिअरांच्या मुलांना जेवता जेवता जे कळते, ते या मुलाला कळायला दोन वर्षे लागतात. इंटरनेटमुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली आहे. जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेली अनोळखी माणसे आपला वेळ खर्चून अशा प्रश्नांना फुकट उत्तरे देत असतात. त्यांच्याकडून मदत कशी घ्यावी व आपणही ती कशी द्यावी, एवढाच माझा आजचा विषय.

एक उदाहरण सांगतो. २००७ साली ‘गॅलक्सी झू’ नावाचा उपक्रम सुरू झाला. दुर्बिणीने टिपलेल्या सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रे शास्त्रज्ञांनी सामान्य लोकांपुढे ठेवली आणि त्यांचे आकार ओळखण्यास सांगितले. हॉलंडमधील हॅनी व्हॅन आर्केल ही तरुण शाळाशिक्षिका त्यात सामील झाली. ती खगोलशास्त्रज्ञ नव्हती. आयसी २४९७ या दीर्घिकेच्या छायाचित्रात तिला खाली एक निळसर डाग दिसला. हे काय आहे, असे तिने विचारले. ‘एवढेही कळत नाही का’ असे तिला कोणी म्हणाले नाही. शास्त्रज्ञांनी पाहिले, तर त्यांनाही उत्तर येत नव्हते! मग मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. तो वायूचा प्रचंड ढग निघाला. त्या दीर्घिकेच्या गाभ्यात पूर्वी प्रखर तेजाचा क्वेसार होता. तो मंदावला, पण त्याच्या जुन्या प्रकाशाने उजळलेला ढग आपल्याला अजून दिसतो, असा उलगडा झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत त्या शिक्षिकेचेही नाव आहे.

तिच्या प्रश्नात एक गोष्ट होती. कोणते छायाचित्र, त्यातली कोणती जागा, हे तिने नेमके दाखवले होते. आपली मुले काय लिहितात? “सर, प्रोग्रॅम चालत नाही, अर्जंट मदत करा.” समोरच्याने काय करावे? तो काही वली नाही. पडद्यावर उमटलेला संदेश अक्षरशः उतरवून द्या, कोणते यंत्र ते सांगा, आतापर्यंत काय काय करून पाहिले ते लिहा. प्रोग्रॅम दोनशे ओळींचा असेल तर ज्या दहा ओळींत अडते तेवढ्याच वेगळ्या काढा. हे करता करता निम्म्या वेळा उत्तर आपले आपल्यालाच सापडते. इंग्रजी कच्चे आहे म्हणून लाजू नका. व्याकरण चुकले तरी चालते, माहिती अपुरी असली की चालत नाही.

उत्तर देणाऱ्यावर जबाबदारी अधिक आहे. २००८ साली निघालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी डिसेंबर २०२२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी आली. कारण ती वाचायला अस्सल वाटत, पण बरीच चुकीची निघत. माणसेही असे करतात. स्वतः करून पाहिलेले आणि ऐकलेले, यांतला फरक उत्तरात लिहिला पाहिजे. ‘मी हे तपासलेले नाही’ असे लिहिल्याने कोणाची इज्जत जात नाही.

नोकरीच्या प्रश्नांत तर सांभाळून राहावे लागते. आखातातील कामाबद्दल कोणी विचारले की मदतीच्या नावाखाली पैसे मागणारेही पुढे येतात. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाची सरकारकडे नोंदणी लागते, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर ती तपासता येते. पालकांनो, हे आज घरी गेल्यावर मुलांकडून उघडून घ्या. पासपोर्टची प्रत कोणा अनोळखी ‘भाईजान’ला पाठवण्याआधी उघडा. आणि आपल्यापैकी जे आखातात राहून आले आहेत त्यांनी करारनामा कसा वाचावा, मूळ पगार वेगळा आणि भत्ते वेगळे कसे, हे विचारणाऱ्या पोरांना जरूर सांगावे. ही माहिती कॉलेजच्या पुस्तकात नाही.

आणखी एक तक्रार आहे, ती करून थांबतो. प्रश्न सुटला की विचारणारा ‘थँक्यू, झाले’ एवढेच लिहून निघून जातो. कसे झाले ते लिहीत नाही! सहा महिन्यांनी तीच अडचण घेऊन दुसरा मुलगा तिथे पोचतो. त्याला प्रश्न सापडतो, आभार सापडतात, उत्तर सापडत नाही. तेव्हा मुलांनो, काम झाले की परत जा आणि कोणत्या ओळीत काय बदलले ते लिहून या. पाच मिनिटे लागतात.