घरातल्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा



आज बक्षीस मिळालेल्या सगळ्यांचं अभिनंदन. आणि सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्या, पडदा ओढणाऱ्या, पाणी वाटणाऱ्या मुलांचं विशेष अभिनंदन.

जुन्या कागदांच्या जतनाविषयी बोला, असं मुख्याध्यापिका बाईंनी पत्रात कळवलं होतं. जन्मभर तेच काम केलं, तेव्हा सांगते. पण या पटांगणात आले आणि आमचा परिपाठ आठवला. पेटीवर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन चालायचं आणि सगळा वर्ग म्हणायचा. मुलं ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, जैन अशी सगळी. चाल सगळ्यांना पाठ. आपल्या नगरला हे नवं नव्हतं. 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन इथं आहे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 साली याच गावातून निघालं. टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या स्वतःच्या अभंगात, ओवीत प्रार्थना करायला शिकवलं. तरुण बालकवी इथंच त्यांच्या घरी राहून गेले.

पुढच्या रांगेत माझ्या मराठीच्या बाई बसल्या आहेत. शनिवारी शेवटच्या तासाला त्या आम्हाला टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवायच्या. बाई, हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि पुढच्याच पानावर सगळा वर्ग गप्प व्हायचा. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. काही वर्षांनी त्या परत आल्या आणि पुढे स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. 1919 साली टिळक गेले. पुढे मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्याने आईकडे आठवणी मागितल्या. त्यातून मराठीतलं एक थोर आत्मचरित्र उभं राहिलं. पहिला भाग 1934 साली आला आणि 1936 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. मुलांनो, मुलाने वेळेवर विचारलं म्हणून आपल्याला ते पुस्तक मिळालं.

मला आज एवढंच सांगायचं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा.

आमच्या घरी एक जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आहे. त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले आहेत. पहिलं नाव पणजोबांचं. जन्मतारीख, ठाऊक नाही. गाव, ठाऊक नाही. खाली फक्त बाप्तिस्म्याची तारीख. छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, ते पोरके झाले आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढले. सुतारकाम शिकले, संसार केला, ख्रिस्ती मंडळीत वडील म्हणून मान मिळवला. दुष्काळाविषयी ते बोलत नसत आणि दुखावतील म्हणून कोणी विचारलं नाही. त्यांच्याबरोबर एक अख्खं गाव, आईबापांची नावं, कदाचित भावंडंही गेली. आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं की मराठवाड्यातलं, हे आज कोणीही सांगू शकत नाही.

त्याच पानावर माझ्या धाकट्या भावाचं नाव आहे. जन्म आणि मृत्यू एकाच महिन्यातला. जन्माची नोंद आईच्या अक्षरात, मृत्यूची वडिलांच्या. मृत्यूच्या तारखेपुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं आहे, ईयोब 1:21. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. संध्याकाळची कौटुंबिक उपासना मात्र त्या आठवड्यातही चुकली नाही, असं आजी सांगायची.

पुढे माझे यजमान गेले. नोंद करायला मी ते पान उघडलं, तेव्हा वडिलांचं अक्षर पुन्हा वाचलं. देव देतो आणि देव नेतो, हे मी लहानपणापासून उपदेशात ऐकत आले होते. पण लेकराला पुरून आलेल्या माणसाने ते स्वतःच्या हाताने लिहिलेलं समोर होतं. मी त्याखाली यजमानांचं नाव लिहिलं आणि पुढे तेच वचन नोंदवलं. माझा विश्वास त्या पानाने धरून ठेवला, हे मी तुमच्यासमोर कृतज्ञतेने सांगते. तुमच्या घरचा देव वेगळा असेल, पोथी वेगळी असेल. पण संकटात तुमची माणसं कशाला धरून उभी राहिली, हे तुम्हाला कळलंच पाहिजे. ते शाळेत शिकवता येत नाही. घरीच विचारावं लागतं.

आता कामाचं थोडं. जुन्या शाईत बऱ्याचदा लोह असतं, अशी शाई वर्षानुवर्षं कागद खात राहते. अशा कागदाला आम्ही गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावून पारदर्शक जपानी कागदाचा आधार देतो. जुन्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. त्याचा डिंक पिवळा पडतो आणि अक्षरंही घेऊन जातो. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनने दाबून नको. आणि आठवणीने लिहा. माझ्याकडे सुंदर जपलेले फोटो येतात, पण त्यातलं माणूस कोण, हे आणणाऱ्यालाही माहीत नसतं. कागद मी वाचवू शकते, नाव परत आणू शकत नाही.

तुमच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो असतील. पण आजीच्या आईचं माहेरचं नाव किती जणांना ठाऊक आहे? तिसऱ्या रांगेतल्या त्या आजी बघा, कशा हसल्या! आजी, तुमच्या नातवंडांना आज घरी गेल्यावर सगळं सांगा. ती कंटाळली तरी सांगा.

नाताळच्या सुट्टीत प्रत्येकाने एक वही घ्यावी. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसावं. तुमचं गाव कोणतं? लहानपणी घरात प्रार्थना किंवा पूजा कोण करायचं? सगळ्यांत वाईट दिवस कोणता आणि त्यातून कसे निघालात? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, खाली तारीख घाला. ते रडले तर थांबा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसा.

मुख्याध्यापिका बाई, पुढच्या संमेलनात या वह्या एका वर्गात मांडाव्यात, ही माझी विनंती आहे. मी पाहायला येईन. कोणाच्या घरातून जुनी पत्रं, पोथ्या, फाटकी पानं निघाली तर तीही आणा, मी विनामूल्य नीट करून देईन.

परमेश्वर तुम्हा सर्वांचं भलं करो.