पाकिटावरचं 'मोदक' अक्षर

गटाच्या बैठकीत आपण चटणीच्या चवीवर आणि वजनावर तासभर बोलतो. पण गिऱ्हाईक चव घेण्याआधी पाकीट वाचतं. म्हणून आज आम्ही तुम्हाला एका गमतीदार अक्षराची ओळख करून देणार आहोत. संगणकावरच्या अक्षरांच्या वळणाला फॉन्ट म्हणतात. या फॉन्टचं नाव आहे 'मोदक'.

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेच्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला. आधी अक्षरं हाताने कागदावर रेखाटली, मग संगणकात आणली. नावाप्रमाणेच अक्षरं गुबगुबीत आहेत. रेषा इतक्या जाड, की एकमेकींना टेकतात. अक्षराच्या पोटात जागा उरते ती बारीक फटीएवढी.

हे अक्षर मोठं लिहिलं की खुलतं. गटाचं नाव, स्टॉलवरची पाटी, बालवाडीच्या भिंतीवरचा तक्ता, हळदीकुंकवाचं निमंत्रण, अशा ठिकाणी ते शोभतं. दहा पाकिटं शेजारी मांडलेली असली, तर नजर आधी अशा ठसठशीत नावाकडे जाते.

पण तेच अक्षर बारीक छापलं, तर फट शाईने बुजते. मग 'ब' आणि 'व' सारखेच दिसतात, 'प' आणि 'ष' ओळखू येत नाहीत. बेसनाचं वेसन होतं! नावात असं झालं तर हसून सोडून देता येईल. पण ज्या मुलाला शेंगदाणा सोसत नाही, त्याच्या आईला चटणीतले पदार्थ नीट वाचता यायलाच हवेत. पदार्थांची यादी, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, परवाना क्रमांक, हे सगळं साध्या, मोकळ्या अक्षरातच हवं. नाव मोदकात, माहिती साध्यात, एवढं लक्षात ठेवा.

हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. विक्रीच्या मालावर वापरायलाही पैसे पडत नाहीत. त्यामुळे छापणाऱ्या दादांनी फॉन्टचे वेगळे पैसे मागितले, तर हे त्यांना सांगा.

शेवटची गोष्ट. हजार लेबलं छापण्याआधी एकच नमुना काढून घ्या, आणि तोही खऱ्या मापाचा. मोबाइलवर मोठा करून बघू नका. तो पाकिटावर चिकटवा. दहा पावलांवरून नाव वाचता येतं का, ते बघा. मग पाकीट गटातल्या सगळ्यात वयस्कर काकूंच्या हातात द्या आणि तारीख वाचायला सांगा. नुकतंच वाचायला शिकलेल्या ताईंना पदार्थ वाचू द्या. त्या अडखळल्या, तर त्यांना बोल लावू नका, अक्षर बदला.

येत्या बैठकीत आपलं एक पाकीट मधे ठेवा आणि सगळ्याजणी वाचून बघा.