नव्या गावात आधी पालक शोधा

मी सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालो, आता सिकंदराबादला राहतो. माझा मुलगा चौतीस वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे आणि स्वमग्नताही, म्हणजे ऑटिझम. त्याला घेऊन आम्ही नऊ बदल्या केल्या. नऊ वेळा डॉक्टर, थेरपिस्ट, शाळा, सगळं पहिल्यापासून. त्यामुळे या विषयातलं माझं शिक्षण पुस्तकी नाही, ट्रंका भरता-उघडताना झालेलं आहे.

मला रायपूरहून, जमशेदपूरहून, बंगळुरूहून मराठी आई-वडिलांचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साहेब, इथे चांगली थेरपी कुठे मिळेल?" मी उलट विचारतो, "तुम्ही तिथे अशा मुलांच्या किती पालकांना ओळखता?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "एकालाही नाही."

मग आधी ते काम करा. कारण डॉक्टर तुम्हाला केंद्राचा पत्ता देतील, पण त्या केंद्रात आईला आत बसू देतात का, दर दोन महिन्यांनी थेरपिस्ट बदलते का, कुठली शाळा प्रवेश देते आणि मग अकरा वाजताच "मुलाला घेऊन जा" म्हणून फोन करते, कुठला न्हावी न चिडता केस कापतो, दाताचा कुठला डॉक्टर आपल्या मुलांना वेळ देतो, हे फक्त दुसरे पालकच सांगू शकतात. आमच्या छावण्यांत आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशनच्या 'आशा स्कूल' असतात. नव्या गावी पोचलो की माझी बायको शाळा सुटायच्या वेळी तिथल्या गेटवर जाऊन उभी राहायची. पंधरा मिनिटांत तिला जे कळायचं, ते मला आठवडाभर फोन फिरवून कळत नसे.

तुम्ही छावणीत नसाल तर गावातल्या कुठल्याही विशेष शाळेचं गेट चालेल. 'परिवार' हा देशभरातल्या पालक संघटनांचा महासंघ १९९५ पासून आहे. तुमच्या राज्यातली संघटना त्यांना विचारा. दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था १९९१ मध्ये एका आईनेच सुरू केली, आणि तिथे मुलाबरोबर पालकालाही शिकवतात. मुंबईत 'उम्मीद' आहे. आणि आपलं महाराष्ट्र मंडळ विसरू नका. गणपतीत तिथे सहज विचारून बघा, एखादं तरी घर निघतंच. ते आजवर बोललेले नसतात, एवढंच.

आता सरकारी दारं. लोकांना ती माहीत नसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मूल वर्षाचं झालं तरी बडबडत नाही, सोळा महिन्यांचं झालं तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजा आणि तपासणीला जा. सगळ्यात आधी कान तपासा. निदानाचं नाव ठरेपर्यंत थांबायची गरज नाही, काम आधी सुरू करता येतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आणि त्याखाली बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत 'डीईआयसी', म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथे मोफत तपासतात. मोठ्या मूल्यमापनासाठी राष्ट्रीय संस्था आहेत: बौद्धिक अक्षमतेसाठी आमच्या सिकंदराबादची, वाचा आणि श्रवणासाठी म्हैसूरची, बहुविकलांगतेसाठी चेन्नईची. तारीख उशिरा मिळेल, पण त्यांच्या अहवालाला वजन असतं.

खासगी थेरपिस्टला नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. वाचाउपचार करणारे, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट त्या परिषदेत येत नाहीत, त्यांची पदवी बघा. मग एकच विचारा: "येत्या तीन महिन्यांत काय साधायचं आहे, आणि घरी आम्ही काय करायचं?" दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उठून या. आठवड्यात दोन तासांची थेरपी, बाकीचे सगळे तास मूल आपल्याकडेच असतं.

"पूर्ण बरं करून देतो" म्हणणारा भेटला तर तिथेही उठून या. स्वमग्नतेवर स्टेम सेलचे लाखोंचे उपचार विकले जातात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे काही विकार वगळता असे उपचार अजून चाचणीच्याच पातळीवर आहेत. चाचणीत भाग घ्यायला रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

आता भाषेचं. एका केंद्रात आम्हाला बजावलं होतं, "घरात मराठी बंद करा, फक्त हिंदी बोला, नाहीतर मुलगा गोंधळेल." बायकोने ऐकलं नाही. ती म्हणाली, मग याच्याशी आजीने काय मुक्याने बोलायचं? आई आमच्याकडेच असायची. तिने त्याला घास भरवत 'पाणी', 'अजून', 'नको' हे तीन शब्द दिले. 'नको' म्हणता यायला लागल्यावर त्याचं चावणं कमी झालं. आता तर अभ्यासही हेच सांगतात की दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांचं नुकसान होताना दिसत नाही. थेरपिस्टला मराठी येत नसेल तर ती ज्या पंधरा शब्दांवर काम करते आहे ते वहीत लिहून घ्या, आणि घरी तेच मराठीत वापरा. चित्रांची कार्डं असतील तर त्यांना भाषेची अडचण नाही.

कागदपत्रांचं लवकर उरकतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता आहेत. यूडीआयडी कार्ड काढा, ते देशभर चालतं, बदलीवाल्यांना तर हवंच. नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' विमा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. एक लाखापर्यंतचा, आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत मिळतो. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर २०१४ च्या आदेशानुसार अशा मुलाची मुख्य देखभाल करणाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. मिळेलच असं नाही, पण अर्ज लेखी द्या.

आमच्या गटाची बैठक दर महिन्याला एका रविवारी असते. आया आत बसतात, बाप बाहेर गाडीत. मला याची चीड येते. शेवटी मी पेन्शन आणि पालकत्व हा विषय ठेवला, तेव्हा चौदा बाप आत आले. त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आपण आपोआप त्याचे पालक राहत नाही. बँकेत अडतं, सहीला अडतं. वर सांगितलेल्या चार अक्षमतांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, कायदेशीर पालकत्वाचा अर्ज तिथे करायचा. आणि सरकारी पेन्शन असेल तर, कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला अटींत बसत असल्यास आपल्यामागे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव पीपीओवर आहे का, हे आज घरी गेल्यावर कपाट उघडून बघा. नसेल तर आपण हयात असतानाच घालून घ्या. आपल्यामागे भावंडांना किंवा विधवा आईला ते करताना फार फिरावं लागतं.

जय हिंद.