घरचा आवाज आधी जपा



वडिलांच्या संग्रहातील ५०० सीडी संगणकावर उतरविताना एक गोष्ट ध्यानी आली. विकत घेतलेल्या सीडी सुस्थितीत होत्या. परंतु घरी मुद्रित केलेली, खुद्द वडिलांच्या आवाजाची सीडी मात्र वाचताच येईना. अशा सीडीतील रंगद्रव्याचा थर उष्णतेने व प्रकाशाने क्षीण होत जातो. बाजारातील संगीत स्ट्रीमिंगवर बहुधा मिळेल. घरचा आवाज तेथे कोठून मिळणार? म्हणून प्रथम घरच्या सीडी उतरवाव्यात. फ्लॅक स्वरूपात मूळ ध्वनी अबाधित राहून जागा सुमारे निम्मी लागते. ५०० सीडी साधारणपणे २०० जीबीत मावतात. दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मी उशीर केला. आपण करू नये, एवढीच नम्र विनंती.