अहवाल हाती आल्यानंतरचे दिवस

(विश्वस्त मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले निवेदन)



आम्ही वाणिज्य शाखेतून या क्षेत्रात आलो. ज्याची मोजदाद नाही त्याची तरतूदही होत नाही, हे त्यामुळे आम्हांस चटकन जाणवते. गर्भाशयमुखाच्या तपासणी शिबिरांचा हिशेब आपणांसमोर दरवर्षी येतो : किती स्त्रिया आल्या, किती काचपट्ट्या प्रयोगशाळेत गेल्या, किती अहवालांत दोष निघाला. अहवाल मिळाल्यापासून पुढील तपासणीपर्यंतचे दिवस त्या स्त्रीने कसे काढले, याला मात्र त्या हिशेबात रकाना नसतो.

दोष निघाला म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. पेशींतील बदल बहुधा सौम्य असतात आणि त्यांपैकी पुष्कळसे आपोआप पूर्ववत होतात. परंतु ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द कानी पडताच पुढचे काही ऐकूच येत नाही. मूल होईल ना? पतीला बाधेल का? तपासणी एचपीव्ही विषाणूची असेल, तर तो आला कोठून? हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. त्यावरून पती किंवा पत्नीच्या वर्तनाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. एवढे वाक्य तरी अहवाल देणाऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या तोंडी असावे. घरी ते सांगणारे कोणी नसते.

या मनःस्थितीचे मोजमाप होऊ शकते. त्यासाठी रुग्णालयांत रूढ असलेली, १९८३ सालची १४ प्रश्नांची चिंता व नैराश्य मोजपट्टी वापरतात. ब्रिटनमधील ‘टॉम्बोला’ अभ्यासात सौम्य दोष निघालेल्या ३,५०० हून अधिक स्त्रियांना ती दिली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे २३ टक्के स्त्रियांत तीव्र चिंतेची लक्षणे दिसली. तेही सौम्य दोषावर! तथापि ही मोजपट्टी सर्वसाधारण आहे. कर्करोगाची धास्ती, अपत्याची काळजी, संकोच यांविषयी ती विचारत नाही. म्हणून त्याच संशोधकांनी स्त्रियांशी गटागटाने बोलून स्वतंत्र प्रश्नावली रचली. ऑस्ट्रेलियात तशी एक १९९५ मध्येच तयार झाली होती.

त्यांचे केवळ भाषांतर आपल्याकडे पुरणार नाही. ‘चिंता वाटते का?’ असे विचारले की आपल्या भगिनी ‘नाही’ म्हणतात. झोप लागते का, जेवण जाते का, घरी कोणाला सांगितले का, असे विचारले की बोलू लागतात. अर्थात सासूबाई शेजारी बसलेल्या नसतील तर.

हा प्रश्न केवळ सहानुभूतीचा नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. विषाणूच्या एका तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे त्यात दिसले. परंतु हा लाभ दोष निघालेली स्त्री उपचारांस परत आली तरच मिळतो. भीतीने घरी बसलेल्या स्त्रीवर झालेला तपासणीचा खर्च आमच्या दृष्टीने बुडीत खात्यातच जातो.

म्हणून येत्या अंदाजपत्रकात अर्धवेळ समुपदेशिकेचे मानधन आणि दार लावता येईल अशी एक खोली मागितली आहे. समुपदेशिका मोजके प्रश्न तोंडी विचारील : अहवाल देताना एकदा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा. उत्तरे केसपेपरला न जोडता वेगळी ठेवली जातील. खोलीसाठी जुन्या नोंदणी कक्षाची जागा सुचविली आहे. तेथे बाकड्यांवरच्या रांगेला आतले बोलणे ऐकू जात नाही.