बालकास उचलताना

चालू न शकणारे दिव्यांग बालक लहान असते तोवर आई त्याला कडेवर घेते. दहाव्या-बाराव्या वर्षी तेच वजन तिच्या कमरेवर येते; हात निसटला तर दोघेही पडतात. अशा वेळी रुग्ण उचलण्याचे यंत्र साह्यास येते. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या अमेरिकेतील टेड हॉयर यांच्या नावाने ते ओळखले जाते.

झोळी बालकाच्या मापाची असावी. तिची शिवण व पट्टे दरवेळी तपासावेत. खुर्चीचे ब्रेक लावावेत, यंत्राचे पाय फाकवावेत. काम दोघांनी मिळून करावे. बालकास आधी सांगावे, चार बोटे उचलून थांबावे, पट्टे आकड्यांत नीट बसल्याची खात्री करावी, मगच पुढे न्यावे. झोळीत त्यास क्षणभरही एकटे सोडू नये.

आपल्या आणे पठारावरील घरांना उंबरे आहेत. यंत्राची चाके ते सहज ओलांडत नाहीत. खालून बंद असलेल्या पेटीच्या पलंगाखाली यंत्राचे पाय शिरत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी घर मोजावे व फिजिओथेरपिस्टकडून पद्धत शिकून घ्यावी.

यंत्र आणल्याने माया उणी होत नाही. आईची कंबर शाबूत राहिली, तरच बालकाचा उद्याचा आधार टिकेल.